ईदीचा हिशेब आणि फळ्यावरची बेरीज

लहान मुलांना सणासुदीच्या सुट्टीत बेरजेचा सराव द्यायचा, ही पद्धत आता बहुतेक शाळांत रुळली आहे. दिवाळीत पणत्यांच्या बेरजा, नाताळात चांदण्यांच्या. मी स्वतः असे कागद वर्षानुवर्षं वाटत आले आहे. हेतू चांगलाच असतो. पण आपण सण फक्त कागद सजवायला वापरतो की मुलाला बेरीज समजावी म्हणून, हा प्रश्न मला हल्ली सतावतो.

एका डिसेंबरात मी घाईघाईत इंटरनेटवरचा तयार कागद छापून घेतला. भिंतीवर टांगलेले पायमोजे, वर आठ, खाली पाच. दुसरीतल्या एकाने विचारलं, "टीचर, ये मोज़े दीवार पे क्यूँ टाँगे हैं?" मग सगळा वर्ग मोज्यांवर बोलत बसला आणि आठ अधिक पाच तसंच राहिलं. चूक माझी होती. थंड देशातला नाताळ मी आमच्या मुलांपुढे ठेवला होता. आपल्या वसईचा नाताळ घेतला असता, तिथल्या घरांतला गोठ्याचा देखावा आणि दारातल्या चांदण्या काढल्या असत्या, तर मुलांनी मुकाट्याने मोजल्या असत्या.

ईदचे कागद मात्र तयार मिळत नाहीत. यात लगेच कुणाचा कट शोधू नये. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं असतं, त्यामुळे ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. 2024 साली रमजान ईद 11 एप्रिलला होती, 2025 साली 31 मार्चला. दिवाळीही तिथीनेच येते, पण अधिक महिना तिला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरून ठेवतो आणि मोठी सुट्टीही तिच्यासोबत ठरलेली असते. ईदची सुट्टी एखाद्या दिवसाची. तेव्हा ते काम आपणच करायला हवं.

2025 च्या ईदनंतर वर्ग भरला तेव्हा मुलं ईदीचा हिशेब करत होती. "नाना के बीस, मामू के बीस, बड़े अब्बा के पचास, दो फूफियों के दस-दस, कुल एक सौ दस!" एका मुलाने एका दमात सांगितलं. बोटंसुद्धा मोजली नाहीत. त्यालाच मी फळ्यावर 27 अधिक 15 दिलं. त्याने उत्तर लिहिलं 312. दोन आणि एक तीन, सात आणि पाच बारा, म्हणून तीनशे बारा!

दुसरीच्या शिक्षकांना ही चूक पाठ असते. मूल मठ्ठ आहे असा तिचा अर्थ नाही. खिशातली बेरीज आणि फळ्यावरची बेरीज ही एकच गोष्ट आहे, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 साली 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी बिनचूक करत, पण शाळेतल्या पद्धतीच्या उदाहरणांत अडत. शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे.

मी त्या मुलापुढे दहाच्या खेळातल्या नोटा आणि रुपयाची नाणी ठेवली. दोन नोटा, सात नाणी. त्यात एक नोट, पाच नाणी. नाणी बारा झाली. "दस सिक्के देके नोट ले लूँ?" असं त्यानेच विचारलं. तीन नोटांच्या चार झाल्या, दोन नाणी उरली. बेचाळीस. मराठीत याला आपण हातचा म्हणतो, उर्दूत हासिल. हासिल म्हणजे मिळालेलं. दहा सुटे दिले आणि एक दशक मिळालं. त्या दिवशी हा शब्द मुलांना शिकवावा लागला नाही.

पण त्याच तासाला एक मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला त्या वर्षी ईदी मिळाली नव्हती. तेव्हापासून "तुला किती मिळाली?" असं मी विचारत नाही. वाटायच्या वस्तू घेते. शेजारच्या चाळीत शीरखुर्म्याचे 8 वाडगे दिले, नातेवाइकांकडे 6, एकूण किती? ईदच्या नमाजातल्या जादा तकबिरी घेते: हनफी मुलांच्या 3 अधिक 3, आमच्या कोकणी शाफई मुलांच्या 7 अधिक 5. उत्तरं 6 आणि 12, आणि दोन्ही बरोबर! हे मुलांना फार आवडतं.

याबद्दल दोन्हीकडून बोलणी खाल्ली. एक पालक म्हणाले, गणितात मजहब कशाला? दुसऱ्यांनी विचारलं, आमच्या मुलांना पणत्या कशाला मोजायला लावता? दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. मोजल्याने कुणाचा ईमान जात नाही आणि कुणाचा धर्म बाटत नाही. शेजारच्या काकूंकडून दिवाळीत आलेल्या करंज्या आपली मुलं मोजूनच खातात ना? मग त्या कागदावर आल्या तर काय बिघडलं? आणि मराठी शाळेतल्या मुलाने ईदीची बेरीज केली, तर त्यालाही शेजारचं घर थोडं कळेल.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. पुढच्या सुट्टीत तयार कागद छापण्याआधी वर्गाला विचारा, तुमच्या घरी सणाला काय काय मोजतात? उत्तरं फळ्यावर लिहा. सुट्टीचा अभ्यास तिथेच तयार होईल.