नाव एक, पदार्थ अनेक

साखर आणि तेल मुबलक मिळाले की स्टार्मेरेला बॉम्बिकोला हे यीस्ट टाकीच्या तळाशी तपकिरी, दाट थर साचवते. हेच सोफोरोलिपिड. ग्लुकोजच्या दोन रेणूंची जोडी आणि तिला लागलेली मेदाम्लाची शेपटी, अशी त्याची घडण. साखरेचा ओढा पाण्याकडे, शेपटीचा तेलाकडे. म्हणून ते साबणाचे काम करते. यीस्टचे हे कसब 1961 पासून ठाऊक आहे. लिटरमागे 300 ग्रॅमहून अधिक उत्पादन निघाल्याच्या नोंदी आहेत, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही त्यावर बरेच संशोधन झाले आहे. पण किती निघाले यापेक्षा काय निघाले, हा प्रश्न मोठा आहे.

कारण सोफोरोलिपिड हा एकच पदार्थ नव्हे. शेपटीचे टोक मोकळे राहिले तर आम्लरूप, वळून साखरेला जोडले गेले तर लॅक्टोनरूप. पहिले पाण्यात सहज विरघळते, दुसरे जिवाणूंना जास्त भारी पडते. नेहमी आढळणाऱ्या ॲसिटिलयुक्त लॅक्टोनचा रेणुभार 688, आम्लाचा 706. पाण्याच्या एका रेणूचा हा फरक वस्तुमान वर्णपटात लपत नाही. शेपटी बदलली की रचनाही बदलते. ओलेइक शेपटीचे आम्लरूप पाण्यात सूक्ष्म गोळे करते. केवळ एक दुहेरी बंध कमी असलेल्या स्टिअरिक शेपटीचे रेणू पिळदार फिती विणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोठवलेल्या नमुन्यात त्या स्पष्ट दिसतात.

यावर उद्योजक म्हणतील, वजन आणि रंगावरून साखर मोजणारी अँथ्रोन चाचणी स्वस्तात होते, महागडी यंत्रे कशाला? पण अँथ्रोनचा रंग उरलेल्या ग्लुकोजनेही येतो, आणि नीट न धुतलेल्या अर्कात शिल्लक तेलही वजनात धरले जाते. सूक्ष्मदर्शक आणि वर्णपटालाही मर्यादा आहेतच. अवरक्त वर्णपटात ॲसिटिल गट आणि लॅक्टोन यांच्या खुणा 1740 प्रति सेंटीमीटरच्या आसपास एकमेकींत मिसळतात, म्हणून एकाच पद्धतीवर विसंबता येत नाही. भांडी घासायला मिश्रण चालेल, हे मान्य. जखमेच्या मलमाला किंवा औषध वाहून नेणाऱ्या कणांना ते चालणार नाही. यंत्र विकत घ्यायलाच हवे असेही नाही. विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांत नमुने तपासून मिळतात. ‘नैसर्गिक’ या शब्दातून पदार्थाचे मूळ कळते, गुण कळत नाहीत. तेव्हा विक्रेत्याने दोन्ही रूपांचे प्रमाण आणि शिल्लक तेल वेष्टनावर छापावे, आणि ग्राहकाने ते मागावे.