गृहीत धरलेली बसवनगुडी

कर्नाटक विधानसभेच्या मे 2023 मधील निवडणुकीत काँग्रेसने 224 पैकी 135 जागा जिंकल्या आणि सत्तारूढ भाजपची 66 जागांवर घसरण झाली. राज्यभर मंत्री पराभूत होत असताना दक्षिण बंगळूरमधील बसवनगुडी मतदारसंघातून मात्र भाजपचे एल. ए. रवी सुब्रमण्य सुमारे 55 हजारांच्या मताधिक्याने सलग चौथ्यांदा निवडून आले. शेजारच्या जयनगरमध्ये मध्यरात्रीपर्यंत फेरमोजणी चालली आणि भाजपच्या उमेदवाराची अवघ्या 16 मतांनी सरशी झाली. या 16 मतांची चर्चा देशभर झाली. बसवनगुडीच्या 55 हजारांची दखल कोणी घेतली नाही, कारण निकाल मतदानापूर्वीच सर्वांना ठाऊक होता. निकाल असा आधीच ठरलेला असणे ही पक्षासाठी सोयीची गोष्ट असली, तरी तेथील मतदाराला तिची किंमत मोजावी लागते.

बसवनगुडी म्हणजे बंगळूरचे सदाशिव पेठ-कसबा पेठ, असे मराठी माणसाला सांगितले तर फारसे चुकणार नाही. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या शहराबाहेर जी नियोजित वस्ती वसवली गेली, तिला भव्य नंदीच्या देवळावरून हे नाव पडले. गांधी बाजार, नॅशनल कॉलेजचे सभांनी गाजलेले मैदान, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणारी शेंगदाण्यांची जत्रा आणि निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, बँक कर्मचारी यांची सुशिक्षित वस्ती ही या भागाची ओळख. मराठ्यांचा गोसाई मठ इथल्याच गवीपुरममध्ये आहे. शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठीभाषक कुटुंबातला मुलगा याच परिसरातल्या कन्नड शाळेत शिकला, शहर बससेवेत वाहक झाला आणि पुढे मद्रासला जाऊन रजनीकांत झाला.

या भागाचा राजकीय इतिहास मात्र आजच्या इतका एकसुरी नव्हता. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेले वाजपेयी, अडवाणी आणि मधू दंडवते यांना याच शहरात अटक झाली होती. त्यानंतर 1977 मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला, पण कर्नाटकाने 28 पैकी 26 जागा काँग्रेसला दिल्या. जनता पक्षाला मिळालेल्या दोन जागांपैकी एक बंगळूर दक्षिणची होती. तेथून निवडून आलेले के. एस. हेगडे हे 1973 मध्ये ज्येष्ठता डावलली गेल्याने सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा दिलेल्या तीन न्यायमूर्तींपैकी एक. पुढे ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. 1980 मध्ये 27 जागा काँग्रेसकडे गेल्या आणि उरलेली एकमेव जागा पुन्हा बंगळूर दक्षिणचीच होती. 1984 च्या सहानुभूतीच्या लाटेतही येथे जनता पक्षच टिकला.

ही आंधळी निष्ठा नव्हती. लोकसभेत 28 पैकी केवळ चार जागा मिळाल्यावर मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून नव्याने कौल मागितला आणि मार्च 1985 मध्ये जनता पक्षाने 139 जागा जिंकल्या. त्या निवडणुकीत हेगडे स्वतः बसवनगुडीतून विधानसभेवर गेले. त्यानंतर पक्षातली भांडणे विकोपाला गेली, दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणात 1988 मध्ये हेगडेंना पायउतार व्हावे लागले आणि 1989 मध्ये बंगळूर दक्षिणने लोकसभेवर कोणाला पाठवले? काँग्रेसच्या आर. गुंडू राव यांना! 1983 मध्ये ज्यांची राजवट कर्नाटकाने उलथवली होती, तेच हे गुंडू राव. दोन वर्षांनी त्यांनाही घरी बसवून अर्थतज्ज्ञ व्यंकटगिरी गौडा यांना भाजपच्या चिन्हावर निवडले गेले. 1977 ते 1991 या काळात पाच निवडणुकांत पाच वेगवेगळे खासदार. 1996 पासून 2024 पर्यंतच्या आठ निवडणुकांत मात्र दोनच: सहा वेळा अनंतकुमार आणि दोनदा तेजस्वी सूर्या. विधानसभेत तर मतदारसंघांच्या फेररचनेनंतर झालेल्या 2008 च्या पहिल्या निवडणुकीपासून एकच नाव आहे. येडियुरप्पांनी वेगळी चूल मांडल्याने 2013 मध्ये भाजप राज्यात 40 जागांवर आला, तेव्हाही बसवनगुडी हलली नाही.

अशा मतदारसंघात खरी निवडणूक मतदानाच्या दिवशी होत नसते. ती दिल्लीत, पक्षाच्या निवडणूक समितीच्या बैठकीत होते. अनंतकुमार यांचे नोव्हेंबर 2018 मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी तेजस्विनी यांनाच उमेदवारी मिळणार असे बंगळूरमध्ये सर्वजण धरून चालले होते. अर्ज भरण्याची मुदत संपत आली असताना रात्री उशिरा दिल्लीहून 28 वर्षांच्या तेजस्वी सूर्या यांचे नाव आले. ते बसवनगुडीच्या आमदारांचे पुतणे. कार्यकर्त्यांत काही दिवस धुसफूस झाली आणि निकालात मताधिक्य तीन लाखांच्या पुढे गेले. दिल्लीत बसून नाव ठरवणाऱ्यांनी यातून कोणता बोध घेतला असेल, हे सांगायला नको.

याच्या उलट उदाहरण पुण्यात आहे. कसबा पेठेतून गिरीश बापट 1995 पासून पाच वेळा निवडून आले. 2019 मध्ये मुक्ता टिळक आल्या. त्यांच्या निधनानंतर पक्षाने टिळक कुटुंबाबाहेर उमेदवारी दिली आणि मार्च 2023 च्या निकालात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर विजयी झाले. पुढल्या वर्षी भाजपने जागा परत मिळवली हे खरे. पण मधल्या काळात पेठांतल्या वाड्यांच्या पुनर्विकासापासून वाहतूक कोंडीपर्यंतचे प्रश्न सर्वच पक्षांच्या तोंडी आले. एका पराभवाने जे साधले, ते पाच विजयांनी साधले नव्हते.

बसवनगुडीला असा धक्का देण्यासाठी निमित्त नव्हते, असे नाही. येथे मुख्यालय असलेल्या श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये निर्बंध घातले आणि ठेवीदारांना 35 हजारांहून अधिक रक्कम काढता येईना. ठेवीदारांत निवृत्तिवेतनावर आणि व्याजावर जगणारे ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने होते. म्हणजे नेमका या मतदारसंघाचा पाया असलेला वर्ग. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांची 2019 मध्ये मुंबईत जी अवस्था झाली होती, तिचीच ही दक्षिणेतली आवृत्ती. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, 2021 मध्ये कायदा दुरुस्त होऊन निर्बंधकाळातच विम्याची रक्कम देण्याची सोय झाली. लहान ठेवीदारांना दिलासा मिळाला, आयुष्याची पुंजी एकाच बँकेत ठेवणारे मात्र अडकून पडले. लोकप्रतिनिधींनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांपर्यंत हा विषय नेला आणि त्या कर्नाटकातूनच राज्यसभेवर गेलेल्या आहेत. तरीही एप्रिल 2024 मध्ये ऐन प्रचारात ठेवीदारांनी खासदारांना जाब विचारला आणि बैठक गोंधळात संपली. निकालात त्याचा मागमूस दिसला नाही. मताधिक्य पावणेतीन लाखांहून अधिक होते.

जेथे निकाल संशयास्पद असतो, तेथे सरकारे किती तत्परता दाखवतात याचा नमुनाही कर्नाटकातच सापडतो. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणची जागा काँग्रेस आमदाराच्या निधनाने रिकामी झाली. तेथे मराठा मतदार लक्षणीय आहेत. पोटनिवडणूक तोंडावर असताना नोव्हेंबर 2020 मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा विकास महामंडळाची घोषणा करून 50 कोटींची तरतूद केली. कन्नड संघटनांनी 5 डिसेंबरला बंद पुकारला, तरी सरकार मागे हटले नाही आणि एप्रिल 2021 मध्ये भाजपने ती जागा जिंकली. गवीपुरमच्या मठाभोवतीचा मराठा समाजही मागासवर्गीयांच्या 3 ब प्रवर्गातून 2 अ मध्ये घेण्याची मागणी वर्षानुवर्षे करत होताच. परंतु त्याचे मत बसवनगुडीत होते, बसवकल्याणात नव्हते.

डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत मांडलेल्या आणि संयुक्त समितीकडे गेलेल्या एकत्रित निवडणुकांच्या घटनादुरुस्ती विधेयकाच्या संदर्भात कर्नाटकाचे 1984-85 चे उदाहरण हमखास दिले जाते. निवडणुका एकत्र झाल्या असत्या तर हेगडे परतले नसते, असा युक्तिवाद त्यात असतो. त्यात तथ्य आहे, पण तो पुरेसा नाही. महाराष्ट्रात 1999 मध्ये दोन्ही निवडणुका एकत्रच झाल्या. लोकसभेच्या 48 पैकी 28 जागा युतीने जिंकल्या आणि मंत्रालयात मात्र विलासराव देशमुख बसले. कर्नाटकाच्या मतदारानेही 2023 मध्ये काँग्रेसला सत्ता देऊन वर्षभराने लोकसभेच्या 28 पैकी केवळ नऊ जागा दिल्या. मतदाराला तारतम्य असेल तर वेळापत्रक त्याला फारसे अडवत नाही. बसवनगुडीत मतदान कोणत्याही महिन्यात घेतले, तरी हल्ली उत्तर एकच येते.

याला काँग्रेस आणि जनता दलही तितकेच जबाबदार आहेत. ज्या जागेवर जिंकण्याची आशा नाही, तेथे पाच वर्षे काम करणारा माणूस कोणी उभा करत नाही. नंदन निलेकणी यांच्यासारखे मोठे नाव 2014 मध्ये ऐनवेळी उतरवून पाहिले गेले. पराभवानंतर तो प्रयोग संपला. मतदारही मग घरी बसतो. 2023 मध्ये राज्याने 73 टक्क्यांवर मतदान केले, तेव्हा दक्षिण बंगळूर निम्म्याच्या थोडेच पुढे गेले होते.

यात भर पडली ती पालिकेची. बंगळूर महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढील पाच वर्षे निवडणूक झाली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्या पालिकेच्या जागी पाच पालिका आल्या. मुंबईकरांना मार्च 2022 नंतरचा प्रशासकीय कारभार ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. मधल्या काळात गांधी बाजारच्या रस्त्याचे नूतनीकरण निघाले तेव्हा फूलवाले, फळवाले आणि दुकानदारांना गाऱ्हाणे घेऊन जाण्यासाठी नगरसेवकच उरला नव्हता. ज्यांच्याकडे जायचे त्या आमदारांची जागा सुरक्षित होती. पालिकेच्या प्रभागात काही शेकडा मतांनी माणूस पडतो, तेथे 55 हजारांचे मताधिक्य कोणाच्याच गाठीशी नसते.