वक्तृत्वाची मक्तेदारी

महाराष्ट्रात व्याख्यानांची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि भाषण ऐकणे हा येथील सुशिक्षितांचा जणू कुळाचारच झाला. मात्र सर्वांना बोलावयास शिकविण्याची व्यवस्था अभावानेच उभी राहिली. शाळा-महाविद्यालयांतून वक्तृत्व शिकविले जाते ते बहुधा स्पर्धेपुरते. वर्गातील दोघा-तिघांची निवड होते, त्यांच्याकडून भाषण घोटून घेतले जाते, करंडक कपाटात जातो आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजविण्याचे शिक्षण घेऊन बाहेर पडतो.

या मक्तेदारीची किंमत पुढे समाजाला मोजावी लागते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ साली स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या. परंतु जागेबरोबर बोलण्याची सवय राखून मिळत नाही. ग्रामसभेत जिला बोलता येत नाही, तिच्या वाट्याचे बोलणे दुसराच कोणी उरकून टाकतो.

यातील अडसर बहुधा बुद्धीचा नसून उच्चाराच्या धाकाचा असतो. 'न' आणि 'ण' यांच्या गफलतीवर वर्ग एकदा हसला की विद्यार्थी पुन्हा उभा राहण्यास धजत नाही. प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. पण ती तोंड उघडण्याच्या परवान्याची अट असू नये.

श्रोत्यांचा विचारही तितकाच अगत्याचा आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. तरीही 'फळ्यावरचे पाहा' एवढेच म्हणणारा वक्ता दृष्टिहीनाला सभेबाहेर ठेवतो आणि पाठ फिरवून बोलणारा वक्ता ओठांवरून शब्द ओळखणाऱ्या कर्णबधिराला. २०२० च्या टाळेबंदीपासून पडद्यावरील सभाही अंगवळणी पडल्या आहेत. तेथे चित्राचे शब्दांत वर्णन करणे, उच्चारलेले शब्द पडद्यावर उमटतील अशी सोय ठेवणे, एका वेळी एकानेच बोलणे, नेटवर्क क्षीण असलेल्यावर कॅमेऱ्याची सक्ती न करणे, हे सारे वक्तृत्वातच मोडते.

वेळ नाही, ही सबब हिशेबाला टिकत नाही. ६० विद्यार्थ्यांना प्रत्येकी ३ मिनिटे दिली, तर १८० मिनिटे, म्हणजे ४५ मिनिटांच्या अवघ्या ४ तासिका लागतात. अडखळणाऱ्यांसाठी पाचवी राखून ठेवावी आणि दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्यासही गुण द्यावेत. मत देण्याचा अधिकार राज्यघटनेने सर्व प्रौढांना दिला. मत मांडण्याचे शिक्षण मात्र निवडकांपुरतेच ठेवणे लोकशाहीला परवडणारे नाही.