शुल्क वाढते ढाक्यात, नुकसान चांदूर बाजारच्या बगिच्यात

आपल्या भागात संत्र्याचा सौदा कसा होतो हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. व्यापारी बगिच्यात येतो, चार ओळी फिरून माल किती निघेल याचा अंदाज बांधतो आणि उक्ता भाव सांगतो. थोडी घासाघीस होते, इसार हातात पडतो आणि 'बगीचा विकला' असे आपण गावात सांगून मोकळे होतो. कागद होत नाही. झालाच तर व्यापाऱ्याच्या डायरीत एक ओळ.

खरे पाहता हा करारच आहे. फरक एवढाच, की तो तोंडी आहे आणि त्याचे दुसरे टोक देशाच्या सीमेपलीकडे आहे.

नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यातला माल ट्रकने बंगालच्या सीमेवर जातो आणि आयात शुल्क भरून पलीकडे उतरतो. हे शुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या घरात होते. ते दरसाल चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांपर्यंत पोचले. २०२२ पासून त्या देशाला डॉलरची चणचण भासू लागली, तेव्हा परदेशी फळे चैनीच्या वस्तूंत धरून त्यांवर जादा कर बसला. त्यांनी आपले घर सांभाळले. त्यात आपला काही गुन्हा नव्हता, पण मार आपल्यालाच बसला.

राज्य शासनाने २०२३ च्या अखेरीस या शुल्काचा निम्मा भार उचलायचे ठरवले आणि त्यासाठी सुमारे १७० कोटी रुपयांची तरतूद केली. मदत चांगलीच, पण ती निर्यातदारासाठी होती. बगीचा उक्ता विकलेल्या कास्तकाराच्या पदरी त्यातले काय पडायचे, हे शेवटी त्याच्या सौद्यावरच ठरते. म्हणून पुन्हा सौद्याकडेच यावे लागते.

समजा, तुमचा बगीचा ४ लाखांत ठरला आणि इसार मिळाला ४० हजार. तोडणीच्या आधी सीमेवर शुल्क वाढले. व्यापारी हिशेब करतो : तोडून तोटा जास्त, की इसार सोडून तोटा जास्त? तो एक तर फिरकतच नाही, नाही तर 'भाव कमी करा' म्हणतो. त्याचा तोटा ४० हजारांवर थांबतो, तुमचा कुठे थांबेल त्याला मोजमाप नाही. सगळेच व्यापारी लबाड असतात असे नाही, त्यांचेही पैसे पुढे अडकतात. पण धोका कोणी किती सोसायचा हे आधी ठरलेले नसले, की तो झाडाच्या मालकावरच येतो.

यात आणखी एक नुकसान आहे, ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पुढच्या आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावा लागतो. फळ झाडावर लटकलेले असताना ताण देता येत नाही. दिला तर फळ सुकते, गळते. न दिला तर पुढचा बहार नीट फुटत नाही. म्हणजे व्यापाऱ्याने महिनाभर रखडवले, तर यंदाचे फळ जाते आणि पुढच्या सालची फूटही जाते.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. २०१६ पासून राज्यात बाजार आवाराबाहेरची फळे-भाजीपाला विक्री नियमनमुक्त आहे. बगिच्यातल्या सौद्यावर बाजार समितीचा पूर्वीसारखा हात राहिलेला नाही. केंद्राचा २०२० चा करार शेतीचा कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो शाबीत करताना नाकी नऊ येतात. तेव्हा लेखी कागद हीच आपली ढाल.

कागदात पाच गोष्टी असाव्यात. एक, तोडणीची शेवटची तारीख, आणि ती उलटली तर इसार जप्त होऊन माल दुसऱ्याला विकायची मोकळीक. दोन, इसार नावापुरता नको, तो एकूण रकमेचा निदान चौथा हिस्सा असावा असा आग्रह धरा. तीन, उरलेल्या रकमेचे हप्ते तोडणीच्या आधी, ट्रक भरल्यावर नव्हे. चार, गळ, गारपीट, रोग यांचे नुकसान कोणाचे. पाच, सीमेवर शुल्क वाढले तरी ठरलेला भाव बदलणार नाही, किंवा बदलला तर जास्तीत जास्त किती. दोन्ही बाजूंच्या सह्या, दोन साक्षीदार आणि एक प्रत आपल्याजवळ. पैसे शक्यतो खात्यावर घ्या.

'असा कागद मागितला तर व्यापारी शेजारच्या बगिच्यात जाईल' हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे आहे. एकट्याने मागितला तर जाईलच. दोन-तीन एकरांच्या दहा-पंधरा कास्तकारांनी मिळून एकच मसुदा धरला तर त्याला जायला शेजारचा बगीचा उरणार नाही.

इथे गावच्या कारभाऱ्यांचे काम येते. सरपंच आणि ग्रामसेवकांनी सौद्याचा कोरा नमुना ग्रामपंचायतीत ठेवावा. साक्षीला पोलीस पाटील उभे राहिले तर कागदाला वजन येते. कृषी सहायकांनी ताणाची तारीख धरून तोडणीची मुदत काढून द्यावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

कापूसवाल्यांनीही हे परके समजू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. असे निर्णय ढाक्यात होतील, दिल्लीत होतील, आपल्याला विचारून होणार नाहीत. आपल्या हातात आहे तो धुऱ्यावर होणारा सौदा. यंदा इसार हातात घेण्याआधी कागद पुढे करा.