सर्व्हर जवळ आणा : ऑनलाइन खेळणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना जाहीर आवाहन

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, त्यांच्या पालकांनो, कॉलेजांत स्पर्धा भरवणाऱ्यांनो आणि गावोगावी इंटरनेट पुरवणाऱ्यांनो,

एका साध्या मागणीसाठी हे आवाहन करत आहे. जी कंपनी आपल्याकडून गेमचे, स्किनचे, बॅटल पासचे पैसे रुपयांत घेते, तिने तो गेम नीट खेळता येईल इतक्या अंतरावर सर्व्हर ठेवावा. ते जमत नसेल, तर पैसे घेण्याआधी तसं स्वच्छ सांगावं. ही मागणी आज आपण एकेकटे करतो, तीही मॅच हरल्यावर, रागाच्या भरात. ती सगळ्यांनी मिळून, आकडे हातात घेऊन आणि चिकाटीने केली, तरच ऐकली जाईल.

आधी दुखणं नीट समजून घेऊ. आपण बटण दाबतो, ती हालचाल सर्व्हरपर्यंत जाते, तिथे निकाल ठरतो आणि तो परत आपल्या पडद्यावर येतो. या जाण्यायेण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच. जर्मनीतलं फ्रँकफर्ट सुमारे ६,५०० किलोमीटरवर आहे, तिथे किमान ६५. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत अनेक राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात मुंबईतून सिंगापूरला सहसा ६०च्या आसपास आणि फ्रँकफर्टला सव्वाशेच्या आसपास पिंग दिसतो. याउलट नागपूरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे. तिथे हीच किमान मर्यादा अवघ्या ७ मिलिसेकंदांची आहे.

शंभर मिलिसेकंदांनी काय बिघडतं, असं घरची मंडळी विचारतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं येत असतील, तर शंभर मिलिसेकंदांत सहा चित्रं निघून जातात. समोर काही दिसल्यावर हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे २५० मिलिसेकंद लागतात. त्यावर शंभराची भर पडली, की कितीही सराव केलेला मुलगा प्रत्येक चकमकीत मागे पडूनच सुरुवात करतो. गेम बनवणारे यावर उपाय करतात. गोळी झाडणाऱ्याने त्याच्या पडद्यावर काय पाहिलं, हे ठरवण्यासाठी सर्व्हर काही क्षण मागे जाऊन हिशोब करतो. त्यामुळे लांबच्या खेळाडूचा नेमही लागू पडतो, पण त्याची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो. ‘भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो’ ही तक्रार तुम्ही सगळ्यांनी केली असेल. तुमच्या पडद्यावर तुम्ही आड गेला होतात, मारणाऱ्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर होतात. अंतर असं झाकता येतं, मिटवता येत नाही.

आणखी एक गैरसमज खिशाला महागात पडतो. लॅग येतो, म्हणजे खेळ अडखळतो, म्हणून घरोघरी १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० एमबीपीएसचा घेतला जातो. चालू मॅचला डेटा अगदी थोडा लागतो. अडचण लांबीची असते आणि आपण रुंदी विकत घेतो. रस्ता सहापदरी केला म्हणून सिंगापूर मुंबईच्या जवळ येत नाही.

सर्व्हर हलवल्याने खरंच फरक पडतो का? याची उदाहरणं खेळाच्या इतिहासातच आहेत. ऑस्ट्रेलियातले वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे खेळाडू कित्येक वर्षं अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळत होते. त्यांच्या विभागाचं नाव ओशनिक होतं, यंत्रं मात्र पॅसिफिक महासागरापलीकडे होती. खेळाडूंनी मागणी सोडली नाही, आणि २०१४ मध्ये ते सर्व्हर ऑस्ट्रेलियात आले. अमेरिकेतही हाच प्रश्न होता. लीग ऑफ लेजंड्सचे उत्तर अमेरिकेतले सर्व्हर पश्चिम किनाऱ्याकडे असल्याने पूर्वेकडच्या खेळाडूंचा पिंग जास्त असायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनीने ते शिकागोला, देशाच्या मध्यभागाजवळ हलवले. पूर्वेकडच्यांचा पिंग उतरला, पश्चिमेकडच्यांचा थोडा चढला आणि अन्याय बराचसा वाटून घेतला गेला. एकाच देशातल्या खेळाडूंसाठी हे करता येतं, तर कोट्यवधी खेळाडू असलेल्या भारतासाठी का येऊ नये?

काही कंपन्यांनी ते केलंही आहे, आणि त्यांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. काउंटर-स्ट्राइकसाठी मुंबई आणि चेन्नईत सर्व्हर आहेत. जून २०२० मध्ये आलेल्या व्हॅलोरंटला मुंबईचा सर्व्हर मिळाला आणि राज्यातली किती तरी मुलं त्या गेमकडे वळली. ज्या गेमना असा सर्व्हर मिळाला नाही, त्यांचे इथले खेळाडू सिंगापूर, आखात किंवा युरोपच्या सर्व्हरवर विखुरले. सोलापूरचा खेळाडू तिथे कधी ‘हाय पिंग’ म्हणून हिणवला जातो, कधी संघातूनच काढला जातो.

सर्व्हर ठेवायला जागा नाही, हे कारण आता चालणार नाही. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू झाली. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये आलं, गुगलचं २०१७ मध्ये. ऐरोली, महापे, रबाळेच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, आणि देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसराचाच आहे. या इमारतींना वीज आणि पाणी महाराष्ट्राचं लागतं. त्यांच्या दारात राहणाऱ्या मुलांनी मॅचसाठी सिंगापूर गाठावं, हे पटण्यासारखं नाही.

जवळच्या सर्व्हरचा आणखी एक फायदा अडचणीच्या वेळी कळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या आणि भारत-पाकिस्तानसह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं. युरोपकडची वाट अशी तुटली, की डेटा लांबच्या वळशाने जातो आणि पिंग चढतो. मुंबईच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचा डेटा त्या वाटेला जातच नाही.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. सर्व्हर वाढवले की खेळाडू विभागले जातात. दुपारी तीनला नवा सर्व्हर ओस पडतो, मॅच लागायला दहा मिनिटं लागतात आणि तरबेज खेळाडू पुन्हा मोठ्या सर्व्हरकडे पळतात. भारतातले डोटा २ चे अनेक अव्वल खेळाडू तगडे प्रतिस्पर्धी मिळावेत म्हणून आग्नेय आशियाच्या सर्व्हरवर खेळत आले आहेत. रिकाम्या सर्व्हरचं भाडं कुणी भरावं, हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरंही आहेत. गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंत स्थानिक सर्व्हर चालवावा. मॅच लागायला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ लागला, तर खेळाडूला विचारून शोध लांबच्या सर्व्हरपर्यंत वाढवावा. किती पिंगपर्यंत चालेल, हे काउंटर-स्ट्राइकमध्ये खेळाडूला स्वतः ठरवता येतं. तशी सोय प्रत्येक गेममध्ये हवी.

आणि जिथे सर्व्हर ठेवणं कंपनीला खरंच परवडत नाही, तिथे सर्व्हरचं सॉफ्टवेअर खेळाडूंच्या हाती द्यावं. माइनक्राफ्ट हे अनेक वर्षं देत आलं आहे. कुणीही ते उतरवून घेऊन आपल्या गावात, आपल्या शाळेत सर्व्हर चालवू शकतो. काउंटर-स्ट्राइक १.६ च्या काळात सायबर कॅफेतल्या लॅनवर हेच होत होतं. दहाही संगणक एकाच खोलीत असल्यामुळे अंतराचा प्रश्नच नव्हता आणि हरलेल्याला हार मान्य करावी लागायची. विकत घेतलेला गेम चालवत राहण्याच्या हक्कासाठी लोक संघटित होतात, तेव्हा ऐकलं जातं. मार्च २०२४ मध्ये द क्रू या गेमचे सर्व्हर बंद झाले, विकत घेतलेला गेम निकामी झाला आणि खेळाडूंनी मोहीम उभारली. युरोपीय संघातल्या नागरिकांच्या याचिकेवर १० लाखांहून अधिक सह्या जमल्या. गेमची मागणी ही पोरखेळाची मागणी नाही, हे त्या सह्यांनी दाखवून दिलं.

आता प्रत्येकाने काय करायचं, ते सांगतो.

खेळाडूंनो, तुमच्याकडून पाच गोष्टी हव्या आहेत.

१. आधी घरचा दोष वगळा. वायफाय बंद करून केबल लावा. घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करत नाही ना, ते बघा. तरीही पिंग जास्त असेल, तरच तो अंतराचा किंवा वाटेचा दोष समजा.

२. आठवडाभर नोंद ठेवा : तारीख, वेळ, गाव, इंटरनेट कंपनी, गेम, सर्व्हरचं शहर, पिंग आणि पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेला डेटा. पिंग सतत जास्त आणि स्थिर असेल, तर कारण बहुधा अंतर किंवा वाट आहे. तो वरखाली उड्या मारत असेल, तर बहुधा लाइन किंवा वायफाय खराब आहे. दोन्ही एकाच तक्रारीत मिसळू नका, नाहीतर दोन्हीकडून हात झटकले जातील.

३. एका गावातल्या, एका कॉलेजातल्या खेळाडूंच्या नोंदी एकत्र करून कंपनीच्या मदत विभागाला सभ्य भाषेत पाठवा. शिव्यांचे शंभर मेसेज कुणी वाचत नाही. चाळीस खेळाडूंच्या सहीचा आणि आकड्यांचा एक कागद बैठकीत ठेवता येतो.

४. स्थानिक सर्व्हर मिळाला, की तो भरलेला ठेवा. ठरलेल्या वेळी सगळे मिळून त्यावर या. सोपे प्रतिस्पर्धी मिळवण्यासाठी व्हीपीएन लावून दुसऱ्या विभागात जाऊ नका. रिकामा सर्व्हर बंद करायला कंपनीला निमित्त लागत नाही.

५. पाहुण्यांशी नीट वागा. मुंबईच्या सर्व्हरवर काठमांडू, कोलंबो आणि ढाक्याचेही खेळाडू येतात. त्यांनाही आपला सर्व्हर लांबच आहे, जसा आपल्याला दुसऱ्यांचा. ज्या अपमानाविरुद्ध आपण बोलतो, तो आपल्या हातून होऊ नये.

पालकांनो, ही मागणी जास्त वेळ खेळू देण्याची नाही. किती वेळ खेळायचं, हा निर्णय तुमच्याच घरात व्हावा. मुलाने गेममध्ये काही विकत घ्यायचं म्हटलं, तर आधी एक प्रश्न विचारा : याचा सर्व्हर कुठल्या शहरात आहे? उत्तर मिळत नसेल, तर पैसे भरू नका. ग्राहक म्हणून इतकी माहिती मिळणं हा आपला हक्क आहे. पैसे लावून खेळायच्या गेमशी या मागणीचा काही संबंध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हा फरक तुम्हीही मनात पक्का ठेवा.

कॉलेजांतल्या संयोजकांनो, स्पर्धेसाठी गेम निवडताना स्थानिक सर्व्हर असलेला किंवा लॅनवर खेळता येणारा गेम निवडा. तो निकष पत्रकात छापा. २०२३ मध्ये हांग्झूला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकं मिळाली. तिथवर जाऊ पाहणाऱ्या मुलांचा सराव समान अटींवर व्हायला हवा.

इंटरनेट पुरवणाऱ्यांनो, सर्व्हर मुंबईत असूनही सांगलीचा किंवा गडचिरोलीचा डेटा कधी कधी भलत्याच वाटेने फिरून येतो. देशातला डेटा देशातच अदलाबदल व्हावा यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. तिच्याशी आणि मोठ्या गेमच्या नेटवर्कशी थेट जोडणी करा. ग्राहकाने वाटेची तक्रार केली, की ‘मोडेम बंद-चालू करा’ यापलीकडे उत्तर द्या.

शासनाकडे मागणी आहे ती अशी. २०२३ मध्ये बीजीएमआय या गेमला पुन्हा परवानगी देताना सर्व्हर कुठे आहेत, हे केंद्र सरकारने तपासलं होतं. तो प्रश्न सुरक्षेसाठी विचारता येतो, तर खेळाडूंच्या न्यायासाठीही विचारता यावा. ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी महाराष्ट्राने २०२५ मध्ये धोरण मंजूर केलं आहे. त्यातल्या सवलती मागणाऱ्या गेम कंपन्यांनी सर्व्हरचं शहर जाहीर करावं, ही अट घाला. या अटीला तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.

पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या गेम स्टुडिओंत, क्लाउड कंपन्यांत काम करणारी मराठी माणसं आता थोडी नाहीत. त्यांनाही विनंती आहे. तुम्ही ज्या बैठकांना बसता, तिथे या भागातल्या खेळाडूंचे आकडे मांडा. आम्ही ते गोळा करून देऊ.

गाव लहान आहे किंवा खेळाडू मोजके आहेत, म्हणून थांबू नका. ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूंची संख्या आपल्यापेक्षा कितीतरी कमी होती. त्यांनी वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरली आणि सर्व्हर आपल्या देशात आणला. आज रात्रीच्या मॅचपासून पिंग टिपायला लागा. आठवड्याने मित्रांच्या नोंदी एकत्र करा आणि महिनाअखेर आपल्या गावाचा पहिला अर्ज पाठवा. उत्तर आलं नाही, तर पुढच्या महिन्यात जास्त सह्यांनिशी दुसरा पाठवा.

आपला,
ऑनलाइन खेळणारा एक नेटवर्क अभियंता, नाशिक