सही करण्याआधी फॉर्म वाचा

सोयाबीन बीजोत्पादनाचे फॉर्म भरणं सुरू आहे. मागं एका बियाणे कंपनीच्या फॉर्मवर आपल्यातल्या काहींनी न वाचताच सह्या केल्या. प्रत एकाकडंही नव्हती. उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली, माल नाकारला, अन् परतीचं भाडं कुणी द्यायचं यावरून भांडण.

१८७२ च्या करार कायद्यात तोंडी व्यवहारही करारच असतो, पण तो सिद्ध करताना नाकीनऊ येतात. 'विश्वासावर चालतंय' हे मला पटत नाही. विश्वास आहे तर लिहून द्यायला काय हरकत?

नुसतं 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलं असेल तर विचारा: हिंगोलीचा की वाशीमचा, अन् कोणत्या दिवसाचा? ओलावा किती चालेल, पैसे किती दिवसांत, माल नापास झाला तर खर्च कुणाचा, हे लिहूनच घ्या. रकाने कोरे असतील तर सही नको. १८ वर्षांखालच्या पोराची सही तर कायद्यानं चालतच नाही.

आपल्या कंपनीलाही हेच लागू. मी फॉर्म घेऊन आलो तरी प्रत मागा, राग येणार नाही. वाचायला अडचण असेल तर फॉर्म घेऊन नाक्यावरच्या ऑफिसला या, सोबत बसून वाचू.

– तुमचा कृषी सल्लागार