वादळाचा इशारा आणि मजुराची रोजी

एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाड भट्टीसारखे तापते. अकोल्याचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, समुद्रावरून बाष्प येऊन मिळते आणि तिसऱ्या प्रहरी आभाळ काळे होते. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र पिवळा किंवा नारिंगी इशारा देते: अमरावती-अकोला जिल्ह्यांत विजांच्या कडकडाटासह पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे. इशारा मोबाईलवर येतो, जिल्हाधिकारी कार्यालयाचे पत्रक निघते, वर्तमानपत्रात चौकट छापली जाते. प्रश्न एवढाच आहे की, हा इशारा वावरात काम करणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतो काय? आणि पोहोचला तरी काम सोडून घरी जाण्याची मुभा तिला आहे काय?

९ एप्रिल २०२३ ची रात्र अकोला जिल्हा विसरलेला नाही. बाळापूर तालुक्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात जमलेले लोक वादळी पावसापासून बचाव करण्यासाठी टिनाच्या शेडखाली थांबले. कडुनिंबाचे मोठे झाड त्या शेडवर कोसळले आणि सात माणसे दगावली. दुःख निवारण व्हावे म्हणून लोक तिथे येत असत. त्यांची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु दवाखाना परवडत नाही तेव्हाच माणूस अशा दारात बसतो, हे विसरून चालणार नाही. मृत्यूला नशीब म्हणणे मात्र आम्हाला मान्य नाही. जुने झाड, त्याखाली टिनाचे शेड, शेडमध्ये गर्दी आणि वादळाचे दिवस यांची बेरीज आधी करता येते. ती न करणे हा निसर्गाचा कोप नव्हे, तो माणसांचा निष्काळजीपणा आहे.

वादळ जात पाहून येत नाही, असे म्हणतात. खरे आहे. पण ते ज्या छपरावर येते ते छप्पर जात पाहून वाटले गेले आहे. स्लॅबच्या घरातला माणूस खिडकी लावून घेतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीत टिनपत्र्यांवर दगड ठेवून रात्र काढावी लागते. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णा नदी फुगली तेव्हाही पाणी आधी शिरले ते नदीकाठच्या सखल वस्त्यांत.

भरपाईचेही तसेच. वरुड-मोर्शीत संत्र्याचा आंबिया बहार गळाला की पंचनामा होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण पंचनामा सातबारा पाहून होतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याची बुडालेली रोजी कोणत्या रकान्यात लिहायची? बटईने वाहणाऱ्याचे नुकसान कोणाच्या खात्यात जमा होते? वीज पडून मजूर मेला तर वारसांना ४ लाख रुपये मिळतात. तो जिवंत राहावा म्हणून एका दुपारची मजुरी द्यायला मात्र शासनाकडे तरतूद नाही!

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण उभे केले. त्याने एवढे तरी करावे. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी वीटभट्टी, रस्ता आणि रोजगार हमीचे काम दुपारी बंद करून पूर्ण मजुरी द्यावी. वादळे बहुधा दुपारनंतरच येतात, त्यामुळे हे अशक्य नाही. शेतमजुरांसाठीचा भार मात्र कोरडवाहू शेतकऱ्यावर न टाकता शासनाने उचलावा. प्रत्येक वस्तीत दवंडी किंवा भोंग्यावरून इशारा द्यावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची सूचना देते, पण ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही त्याला त्याचा काय उपयोग?

काही काम आपलेही आहे. भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा नेमक्या याच वादळी दिवसांत येतात. उंच कमानी, लोखंडी खांब, मोठाले फलक आणि विजेच्या माळा आपणही लावतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला जाहिरातीचा फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, हे ध्यानात ठेवावे. मांडव जुन्या झाडाखाली वा वीजतारांखाली घालू नये. आभाळ भरून आले की वीजपुरवठा बंद करून गर्दी पक्क्या इमारतीत न्यावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वस्तीतले पक्के विहार त्या रात्री टिनाच्या घरातील म्हाताऱ्या-पोरांसाठी उघडे ठेवावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. दामोदरच्या महापुराकडे त्यांनी देवाची करणी म्हणून पाहिले नाही. नदीला आवर घालण्याची योजना त्यांनी पुढे रेटली. आपत्तीपुढे हात जोडायचे नाहीत, तिचे कारण शोधून उपाय करायचा, ही ती दृष्टी आहे. आभाळातले वादळ कोणी थांबवू शकत नाही. पण मजुराला वादळात उभे ठेवणारी व्यवस्था माणसांनी केलेली आहे, आणि ती माणसांनाच बदलावी लागेल.